पेशंट ॲडमिट केल्यापासून फाईल हातात येईपर्यंत: खान्देशातल्या नातेवाइकांसाठी आणि डॉक्टरांसाठी

अमळनेरच्या एका खाजगी हॉस्पिटलच्या काउंटरवर माझं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं. आधी केसपेपर, मग बिलिंग, शेवटी रेकॉर्ड आणि परवान्यांच्या फाईली. निवृत्त झालो तरी फोन येतातच. चोपडा, पारोळा, धरणगाव, कधी पार धडगावहून. "नाना, पेशंट ॲडमिट शे, इतला पैसा कथाईन लयू?" (एवढे पैसे कुठून आणू?) हा फोन बहुतेक डिस्चार्जच्या दिवशी येतो आणि तोवर करण्यासारख्या निम्म्या गोष्टी हातातून गेलेल्या असतात. दवाखाना चालवणाऱ्या तरुण डॉक्टरांचेही फोन येतात: रजिस्ट्रेशन अडलं, नातेवाईक अंगावर आले, नोटीस आली. दोघांनाही मी जे सांगतो ते इथे एकत्र लिहितो आहे. आपल्या राज्याचे कायदे पेशंटलाही धरून आहेत आणि डॉक्टरलाही. पण मागायचं ते वेळेत आणि लेखी मागितलं, तरच ते कामाला येतात.

आधी बघा, दवाखाना कोणाच्या हाताखाली येतो

हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट होत नाही. लोक तहसीलदाराकडे जातात, आमदारांच्या ऑफिसात बसतात आणि दोन दिवस घालवतात.

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही सार्वजनिक आरोग्य विभागाची. १५ ऑगस्ट २०२३ पासून इथे तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत. तिथले शुल्काचे नियम वेगळे, त्यामुळे "सरकारी आहे म्हणजे सगळं फुकट" असं धरून जाऊ नका. आरोग्य योजनेचे कागद, म्हणजे रेशनकार्ड आणि आधार, सोबत न्या.

खाजगी दवाखान्यांना लागतो तो महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९. लोक त्याला नर्सिंग होम ॲक्ट म्हणतात. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, तेव्हा इंटरनेटवर वाचून त्याची कलमं काउंटरवर सांगू नका. समोरच्याला ते लगेच कळतं आणि तुमचं वजन जातं. आपल्याकडे १९४९ चाच कायदा चालतो आणि त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद, दरपत्रक, तक्रार निवारण कक्ष हे सगळं त्या दुरुस्तीतून आलं.

या कायद्याखाली दवाखान्यावर देखरेख कोणाची, ते जागेवर ठरतं. जळगाव आणि धुळे शहरात महानगरपालिकेचा आरोग्य विभाग. अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा अशा नगरपरिषदेच्या गावांत जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे आपण ज्यांना सिव्हिल सर्जन म्हणतो ते. खेड्यातला दवाखाना असेल तर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असावं लागतं. ॲडमिट करताना मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. त्यावर नोंदणी क्रमांक, खाटा आणि मुदत असते. पुढे कुठेही अर्ज करायचा झाला तर पहिल्या ओळीत तोच क्रमांक लागतो.

आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. नंदुरबार, नवापूर, अक्कलकुव्याकडची माणसं व्यारा-सुरतला जातात, शिरपूरची सेंधव्याला, रावेरची बऱ्हाणपूरला. सीमा ओलांडली की आपला १९४९ चा कायदा संपला. गुजरातचा २०२१ चा स्वतःचा कायदा आहे, मध्य प्रदेशचा वेगळा. आयुष्मान भारतचं कार्ड संलग्न रुग्णालयांत देशभर चालतं. पण आपल्या राज्याची फुले आरोग्य योजना (तिच्याबद्दल पुढे) पलीकडे चालेल, असं समजून पेशंटला गाडीत घालू नका. आधी फोन करा.

जीव धोक्यात असेल तर डिपॉझिटचा वाद नंतर

विषारी औषध पोटात गेलेलं, कापसाच्या शेतात सर्पदंश झालेला, महामार्गावर अपघात झालेला, झटके येत असलेला पेशंट कुठल्याही डॉक्टरने आधी सांभाळला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे सांगितलं. अपघाताच्या बाबतीत मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही आहे: पोलिसांचे सोपस्कार पूर्ण होण्याची वाट न बघता उपचार सुरू करायचे. अपघातग्रस्ताला आणून सोडणाऱ्या माणसाला थांबवून ठेवायचं नाही, नाव सांगायची सक्ती करायची नाही. २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजनाही आहे: सात दिवस, दीड लाखापर्यंत. अपघाताचा पेशंट असेल तर काउंटरवर तिचं नाव घ्या.

डॉक्टरांनाही एक सांगणं. तुमच्याकडे आयसीयू नाही, व्हेंटिलेटर नाही, हे खरं असू शकतं. मग रक्तस्राव थांबवा, श्वास मोकळा करा, सलाइन लावा, आणि पाठवताना एका कागदावर लिहा: किती वाजता आला, नाडी-रक्तदाब किती, काय दिलं, का पाठवतोय. त्या एका कागदाने पुढच्या डॉक्टरचा वेळ वाचतो आणि उद्या "हात लावला नाही" असं कोणी म्हणालं तर तुमची बाजू उभी राहते. नुसतं "जळगावला न्या" असं तोंडी सांगून परत पाठवलेले पेशंट मी पाहिले आहेत. त्यात पेशंटचंही नुकसान होतं आणि डॉक्टरचंही.

१०८ ची गाडी फुकट आहे. गरोदर बाईसाठी १०२.

योजना पहिल्याच दिवशी विचारा

आज ज्याला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात ती जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या पहिल्या जिल्ह्यांत आपलं धुळं होतं. जळगाव-नंदुरबारला ती २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर लागू झाली तेव्हा आली. आता ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि पाच लाखांपर्यंतचं संरक्षण पिवळं, केशरी, पांढरं अशा कुठल्याही रेशनकार्डावरच्या कुटुंबाला आहे. अजूनही लोक म्हणतात, "आमचं पांढरं कार्ड आहे, आम्हाला नाही मिळणार." मिळतं.

योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या कामात मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. पेशंट खाटेवर गेला की घरातल्या एका माणसाने थेट त्या टेबलाशी जायचं. रेशनकार्ड, आधार, आणि आजार योजनेत बसतो का हा एकच प्रश्न. मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. ऑपरेशन झाल्यावर, रोख पैसे भरून झाल्यावर योजना मागाल तर काही होत नाही. तातडीचं असेल तर फोनवरून मंजुरीची सोय आहे, ती डॉक्टर आणि आरोग्यमित्र मिळून करतात.

नावातला फरक ही आपल्याकडची मोठी अडचण. रेशनकार्डावर "सकुबाई", आधारवर "सखूबाई". सूनबाईचं नाव माहेरच्याच कार्डावर राहिलेलं. बाळाचं नाव कुठेच नाही. हे दुरुस्त करायला तहसीलच्या पुरवठा शाखेत जावं लागतं आणि पेशंट ऑक्सिजनवर असताना ते होत नाही. घरात सगळे धडधाकट असताना, केळीचे किंवा कापसाचे पैसे आले त्या आठवड्यात, हे काम उरकून घ्या.

योजनेत दाखल असताना कोणी वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ वर फोन लावा. पावती देत नसतील तर किती, कोणी, कधी मागितले ते त्याच वेळी लिहून ठेवा.

ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर आणखी एक दार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ अअ आणि त्यावर उच्च न्यायालयाने मंजूर केलेली २००६ ची योजना. धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तातडीच्या पेशंटला डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, हेही त्यात आहे. नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात लेखी तक्रार करायची. सिव्हिल सर्जनकडे पळून यात काही होत नाही.

सही करण्याआधी

संमतीपत्रावरची सही ही नुसती औपचारिकता समजू नका. कुठलं ऑपरेशन, का, न केल्यास काय, धोके काय, हे पेशंटला कळेल अशा भाषेत सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की एका शस्त्रक्रियेला दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही. जीव वाचवण्याची वेळ असेल तर गोष्ट वेगळी. फॉर्म कोरा असेल, ऑपरेशनचं नाव लिहिलेलं नसेल, तर सही करू नका. शांतपणे म्हणा, "डॉक्टर, एवढं लिहून द्या, मग करतो."

धडगाव-मोलगीकडून येणारा पावरा किंवा भिल्ल पेशंट मराठी कळतं म्हणून मान डोलावतो, पण त्याला आतलं काही कळलेलं नसतं. तिथे दवाखान्यातल्याच एखाद्या मावशीला, वॉर्डबॉयला बोलावून त्याच्या भाषेत सांगायला लावा, आणि सांगणाऱ्याचं नाव-सही फॉर्मवर घ्या. डॉक्टरांनी हे आपल्या भल्यासाठीच करावं.

सनदेतले बाकीचे हक्क थोडक्यात: दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येतं, बाईची तपासणी पुरुष डॉक्टर करत असेल तर सोबत बाई असली पाहिजे, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

बिल कसं वाचायचं

इथे मी जरा थांबतो, कारण हीच माझी खुर्ची होती.

दरपत्रक भिंतीवर लावणं नियमाने बंधनकारक आहे: खाटेचा दर, आयसीयूचा दर, डॉक्टरांची व्हिजिट, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर, भूल वगैरे. एक गैरसमज मात्र काढून टाका. हे दर सरकारने ठरवलेले नाहीत, दवाखान्याने स्वतः जाहीर केलेले आहेत. सरकारने दर बांधून दिले होते ते कोविडच्या काळात: साध्या विलगीकरणाला दिवसाला ४०००, आयसीयूला ७५००, व्हेंटिलेटरला ९०००. ती व्यवस्था कोविडपुरती होती. आज तुम्ही एवढंच म्हणू शकता: भिंतीवर जो दर आहे त्यापेक्षा जास्त लावू नका, आणि भिंतीवर काहीच नसेल तर का नाही ते सांगा.

तपशीलवार बिल मागा. "एकूण ८५,०००" अशी एका ओळीची पावती बिल होत नाही.

मागे एकदा चोपडा तालुक्यातले एक अप्पा फाईल घेऊन घरी आले. आईच्या खुब्याचं ऑपरेशन दुसऱ्या गावी झालेलं, बिल हातात, डिस्चार्ज दुपारी. आम्ही ओट्यावर बसून एकेक ओळ बघितली. खाटेचे दिवस सहा लावलेले. फाईलमधल्या नर्सिंगच्या नोंदी बघितल्या तर सकाळी ॲडमिट आणि दुपारी डिस्चार्ज धरून पाच भरत होते. मग औषधांचं बिल. ऑपरेशनच्या दिवशी मेडिकलमधून दोन पिशव्या भरून सामान आत गेलं होतं: ग्लोव्हज, सलाइनच्या बाटल्या, अँटिबायोटिकची इंजेक्शनं, टाके घालायचा धागा. सगळं वापरलं जात नाही, उरलेलं मेडिकलला परत जातं आणि त्याची परतीची पावती होते. ती पावती बिलातून वजा झालेलीच नव्हती. मी त्यांना एका कागदावर दोन ओळी लिहून दिल्या: खाटेचे दिवस नर्सिंग नोंदीप्रमाणे तपासावेत, औषध परतीची पावती वजा करावी. अप्पांनी तो कागद काउंटरवर ठेवला, आवाज चढवला नाही. तासाभरात बिल दुरुस्त होऊन आलं. काउंटरवरच्या पोराने मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. परतीची नोंद मेडिकलच्या कॉम्प्युटरवर असते आणि बिल दुसऱ्या कॉम्प्युटरवर निघतं, मधे माणूस विसरतो. म्हणून विचारायचं.

खुबा, गुडघा, स्टेंट असं शरीरात काही बसवलं असेल तर त्याच्या पाकिटावरचा स्टिकर फाईलमध्ये चिकटवलेला असतो. कंपनी, बॅच नंबर, किंमत त्यावर असते. त्याचा फोटो घ्या आणि बिलातल्या नावाशी जुळवा. स्टेंट आणि गुडघ्याच्या सांध्याच्या कमाल किमती केंद्राने २०१७ पासून बांधलेल्या आहेत, त्या वरचेवर सुधारल्या जातात. औषध एमआरपीच्या वर विकता येत नाही. आणि हॉस्पिटलच्या आवारातल्याच मेडिकलमधून घ्या अशी सक्ती करता येत नाही. तेच औषध बाहेरून आणायची मुभा तुम्हाला आहे. फक्त डॉक्टरने लिहिलेलं नाव, ताकद, कंपनी नीट बघून आणा आणि पक्की पावती ठेवा. थंड साखळीतली, म्हणजे सतत थंडच ठेवावी लागणारी इंजेक्शनं बाहेरून आणायची असतील तर बर्फाच्या डब्याशिवाय आणू नका. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचं तापमान तुम्हाला सांगायला नको.

पैसे कमी पडले आणि सोडत नाहीत

बिलासाठी पेशंटला अडकवून ठेवता येत नाही. उच्च न्यायालयाने हे सांगितलेलं आहे. मृतदेहाच्या बाबतीत तर २०२१ चे नियम स्पष्ट आहेत: थकबाकीसाठी मृतदेह अडवायचा नाही. दवाखान्याचे पैसे बुडावेत असं कोणी म्हणत नाही. त्यांना दिवाणी मार्गाने वसुली करता येते. पण माणूस किंवा मयत तारण म्हणून ठेवता येत नाही.

एका कुटुंबावर ही वेळ आली तेव्हा मी त्यांच्यासोबत उभा होतो. गाव आणि दवाखाना सांगत नाही. गेलेला पोरगा विशीतला होता, बाप पायऱ्यांवर बसलेला, आणि आत कोणीतरी म्हणालं की आधी चाळीस हजार भरा. गावाहून दोन जीपगाड्या निघाल्याचा फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी पोराच्या मामांना बाजूला घेतलं. गावात फोन करून गाड्या नाक्यावर थांबवायला सांगितलं. मग अर्ज लिहिला: मयताचं नाव, दाखल तारीख, मृत्यूची वेळ, भरलेली रक्कम, बाकी रक्कम, ती कधीपर्यंत देऊ, आणि शेवटी "नियमानुसार मृतदेह तात्काळ ताब्यात द्यावा". दोन प्रती. एक मॅनेजरच्या हातात, दुसरीवर पोच. पोच द्यायला ते तयार नव्हते, म्हणून त्याच अर्जाचा फोटो व्हॉट्सॲपवर मॅनेजरला आणि सिव्हिल सर्जनच्या कार्यालयाला पाठवला. ११२ ला फोन केला, पोलीस दादा आले, त्यांना अर्ज वाचून दाखवला. दिवस मावळायच्या आत मयत गावाला गेला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर हेच करा, याच क्रमाने. गर्दी जमवू नका. गर्दी जमली की विषय बिलाचा राहत नाही, पोलीस केसचा होतो, आणि केस तुमच्यावर होते. ती कशी, ते पुढे.

हात उचलला तर

२०१० चा महाराष्ट्राचा कायदा आहे. नाव लांबलचक आहे, काम थोडक्यात असं: डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, कोणावरही दवाखान्यात हिंसा केली किंवा सामानाची मोडतोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. मोडलेल्या यंत्रांच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई वेगळी, आणि ती भरली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेतकऱ्याने शेवटचं वाक्य दोनदा वाचावं.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका तरुण निवासी डॉक्टरला नातेवाइकांच्या जमावाने मारलं. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, ओपीडी ओस पडल्या, हजारो गरिबांची ऑपरेशनं अडली. मारणारे आणि मार खाणारा, दोघांच्याही पलीकडे त्याची किंमत ज्यांचा काही संबंध नव्हता अशांनी मोजली. आपल्या धुळ्यात हे झालं, याचं दुःख मला अजून आहे.

दवाखान्यांनी काय करायचं? हल्ला झाला की संस्थेच्या नावाने लगेच फिर्याद द्या, एकट्या ज्युनियर डॉक्टरला पोलीस स्टेशनला पाठवू नका. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा, नाही तर ते आपोआप पुसलं जातं. मोडलेल्या प्रत्येक यंत्राचं खरेदीचं बिल फिर्यादीला जोडा, कारण भरपाई खरेदी किमतीवर मोजली जाते. आणि फिर्यादीत २०१० च्या कायद्याचं नाव आवर्जून लिहायला सांगा. ठाणे अंमलदार नुसती मारहाणीची कलमं लावून मोकळा होतो, असं पुष्कळदा घडतं.

पण माझ्या अनुभवात बहुतेक भांडणं मृत्यूमुळे पेटत नाहीत. चार तास कोणी काही सांगितलं नाही म्हणून पेटतात. गंभीर पेशंट असेल तर डॉक्टरने स्वतः, ठरलेल्या वेळी, घरातल्या एकाच ठरलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून परिस्थिती सांगावी आणि फाईलमध्ये वेळ लिहून त्याची सही घ्यावी. याच कायद्यात वैद्यकीय हलगर्जीपणाची तक्रार असलेल्यांना ऐकून घेऊन योग्य ठिकाणी दाद मागायला मदत करणारं तज्ज्ञांचं प्राधिकरणही सांगितलेलं आहे. कायदा करणाऱ्यांनी डॉक्टरचं संरक्षण आणि पेशंटचं गाऱ्हाणं एकाच कागदावर ठेवलं होतं. अंमलात पहिलाच भाग आला, दुसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. हे मला खटकतं.

छोटा दवाखाना चालवणाऱ्यांसाठी

दहा-पंधरा खाटांचा, नवरा-बायको दोघं डॉक्टर असलेला दवाखाना ही खान्देशातल्या तालुक्यांची खरी आरोग्यसेवा आहे, आणि कागदांचा सगळ्यात जास्त भार त्यांच्यावरच पडतो. नोंदणी तीन वर्षांची आणि मुदत ३१ मार्चला संपते. मार्चमध्ये धावपळ करू नका, डिसेंबरपासून लागा. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० नवजात बाळं गेली, तेव्हापासून फायरच्या कागदाशिवाय फाईल पुढे सरकत नाही. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचं 'ब' प्रमाणपत्र, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा कागद, जानेवारीत आणि जुलैत, वर्षातून दोनदा द्यायचं असतं. जैववैद्यकीय कचऱ्याचं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र, कचरा नेणाऱ्या संस्थेशी करार, डॉक्टर-नर्सच्या कौन्सिल नोंदणीच्या प्रती, हे सगळं एका फाईलमध्ये मुदतीच्या तारखांसह लावा. फाईलच्या आतल्या पुठ्ठ्यावर तारखांचा तक्ता चिकटवा, तपासणीला येणाऱ्यांना पहिला तोच दाखवा.

पेशंटने डॉक्टरची नोंदणी विचारली तर राग मानू नका. एमबीबीएस आणि पुढचे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, बीएएमएस आयुर्वेदाच्या कौन्सिलकडे, बीएचएमएस होमिओपॅथीच्या कौन्सिलकडे नोंदलेले असतात. पाटीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट लिहा. कुठल्याच कौन्सिलला नोंद नसलेला माणूस इंजेक्शन टोचत असेल तर तो १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली गुन्हा आहे.

फाईल मागणे आणि तक्रार करणे

कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत हे आहे, आणि इनडोअर पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपून ठेवायचं हेही. झेरॉक्सचे पैसे द्या. फक्त डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी जाऊ नका. अर्जात नावानिशी मागा: दाखल करतानाच्या नोंदी, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, ऑपरेशन आणि भूल यांच्या नोंदी, संमतीपत्र, सगळे रिपोर्ट, एक्स-रे किंवा सीटीची सीडी.

पोच घेतल्याशिवाय अर्ज दिला असं समजू नका. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का. लिपिक "साहेब नाहीत, नंतर या" म्हणाला तर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

दरपत्रक नाही, बिल देत नाहीत, रेकॉर्ड देत नाहीत, अशा गोष्टींसाठी आधी सांगितलेला देखरेख अधिकारी. नियमाप्रमाणे तिथे तक्रार निवारण कक्ष आणि टोल फ्री क्रमांक असायला हवा आणि त्याची माहिती दवाखान्यात लावलेली असायला हवी. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल किंवा हलगर्जीपणाबद्दल त्याच्या कौन्सिलकडे. तिथे परवान्यावर कारवाई होते, तुम्हाला पैसे मिळत नाहीत. भरपाई हवी असेल तर जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. दवाखान्याला भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील असलाच पाहिजे असंही नाही, पण वैद्यकीय प्रकरणात दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत नसेल तर टिकणं अवघड जातं. सरकारी रुग्णालयात सगळ्यांनाच मोफत मिळालेल्या उपचाराबद्दल ग्राहक आयोगात जाता येत नाही.

पोलिसांत गुन्हा नोंदवायची घाई करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालापासून डॉक्टरवर हलगर्जीपणाचा गुन्हा पुढे नेण्याआधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं लागतं, आणि ते तुमच्याच फाईलवरून दिलं जातं. म्हणून फाईल आधी.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. दुःखात पहिले सहा महिने असेच निघून जातात, वर्षश्राद्धापर्यंत कोणी विषय काढत नाही, हे मी समजू शकतो. पण कागद मागायचा अर्ज तेवढा पहिल्या महिन्यातच देऊन टाका. पुढे जायचं की नाही ते नंतर, घरच्यांनी बसून ठरवा.